वाकळ किती दिवसांत होते?

तेरखेड्यात कोणत्याही बाईला विचारावे की, मावशी, एक वाकळ शिवायला किती दिवस लागतात? बहुधा उत्तर येते, "दिवस कशाचे आलेत दादा? सवड मिळंल तसं टाके घालायचे." दुसरी सांगते, "उन्हाळ्यात धरली की मिरगाच्या आत होती." तिसरी जरा ठसक्यात म्हणते, "हात बसलेला असला की आठ दिवस लै झाले." तिन्ही उत्तरे खरी आहेत, आणि तिन्हींनी काहीच कळत नाही.

आम्ही पडलो कारकून. बी.कॉम.ला असताना परिव्ययाचा विषय होता. त्यातले बरेचसे विसरलो, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. एखादी वस्तू करायला किती तास गेले हे ठाऊक नसेल, तर तिची किंमत सांगता येत नाही. मग गिऱ्हाईक सांगेल ती किंमत. आपल्या वस्त्यांमधून कितीतरी माताभगिनी दुसऱ्यांच्या गोधड्या शिवून देतात, आणि त्यांच्या बाबतीत हेच चालले आहे. म्हणून हा हिशेब एकदा कागदावर मांडायचा असे आम्ही ठरवले.

तेरखेडा हे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. बाहेरगावच्या माणसाला ते फटाक्यांचे गाव म्हणून ठाऊक असते. आमच्या थोरल्या बहिणीचे सासर इथले. अक्काच्या सासूबाई, म्हणजे आमच्या मावशी, यांचा हात गोधडीवर चांगला बसलेला. गेल्या उन्हाळ्यात भीमजयंतीची गडबड संपली आणि १५ एप्रिलला अक्काने नवी वाकळ धरली. आम्ही तिला एवढेच सांगितले, की जेव्हा जेव्हा सुई हातात घेशील तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर किती वेळ बसलीस ते लिही. तिने कपाळाला हात लावला. पण लिहिले.

ज्यांच्या घरातून गोधडी गेली आणि चादरी-ब्लँकेटे आली, त्यांच्यासाठी आधी कृती सांगतो. वाकळ, गोधडी अशी नावे गावोगाव वेगळी आहेत. चार थरांची असली तर चौघडी म्हणतात. जुनी लुगडी, साड्या, धोतरे, शर्ट, परकर, पोरांची दप्तरे सुद्धा, सारे धुऊन उन्हात वाळवायचे. शिवणी उसवायच्या. गुंड्या, हुक, चेन काढून टाकायच्या, नाहीतर सुई मोडते. मग सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जागेवर सर्वांत धड असलेली साडी पसरायची. तिच्यावर मधली भर घालायची. ही भर म्हणजे विरलेले, फाटलेले तुकडे. ते असे लावायचे की कुठे उंचवटा येऊ नये आणि कुठे पोकळ राहू नये. वरून पुन्हा एक धड साडी. कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, वीट, जे हाताला लागेल ते ठेवायचे आणि लांब लांब टाक्यांनी सारे टाचून घ्यायचे. यानंतर खरे शिवणे सुरू होते. कडेने धावदोरा घालत निघायचे, चार बाजू फिरून आले की बोटभर आत सरकायचे, पुन्हा फेरी. असे करत करत शेवटची फेरी मधोमध संपते. काही जणी फेऱ्या न घालता सरळ ओळी घालतात.

मावशींच्या मते वाकळ चांगली की वाईट हे भर लावतानाच ठरते. टाका वाकडा पडला तर चालतो, भर सरकली तर पहिल्याच धुण्यात तिचा गोळा होतो. म्हणून भर लावण्याच्या दिवशी त्या घरात कोणाला पाय ठेवू देत नाहीत. आमचा चहा त्या दिवशी बाहेर ओट्यावर आला.

आता आकडे. अक्काची वाकळ सात फूट लांब आणि पाच फूट रुंद, म्हणजे ८४ इंच बाय ६० इंच. दोन ओळींमधले अंतर पाऊण इंच. फेऱ्या घाला किंवा ओळी घाला, शिवणीची एकूण लांबी ६,७२० इंच भरते. म्हणजे ५६० फूट. एका इंचात तीन टाके धरले तर २०,१६० टाके झाले. आम्ही घड्याळ लावून बसलो, तेव्हा दहा मिनिटांत सरासरी १५० टाके पडले. या वेगाने २०,१६० टाक्यांना २२ तास २४ मिनिटे लागतात. धुणे-वाळवणे सोडून दिले तरी उसवणे, भर लावणे, टाचणे, कडा दुमडणे, दोरा ओवणे याला आणखी साडेपाच तास तरी हवेत. एकूण २८ तास.

अक्काच्या कॅलेंडरवरच्या नोंदींची बेरीज २९ तास आली. हिशेब जुळला.

आठ तासांचा एक दिवस धरला तर हे काम जेमतेम साडेतीन दिवसांचे आहे. पण अक्काची वाकळ पुरी झाली ६ जूनला. म्हणजे साडेतीन दिवसांच्या कामाला ५३ दिवस लागले. आमचे भावजी लगेच म्हणाले, "बघा, किती चेंगट काम आहे तुमच्या बहिणीचं." भावजींनी कॅलेंडर नीट पाहिले असते तर असे म्हणाले नसते. त्या ५३ दिवसांपैकी २१ दिवस कोरे होते. एका आठवड्यात नळाला पाणी नव्हते. दोन लग्ने झाली. पोराला ताप आला. उरलेल्या ३२ दिवसांत कुठे वीस मिनिटे, कुठे पाऊण तास, आणि एका दुपारी सलग अडीच तास. हे अडीच तास कसे मिळाले, असे विचारले तर अक्का म्हणाली, "त्या दिवशी सगळे जण लग्नाला गेले होते, मी घर राखायला थांबले होते."

म्हणजे बाईला लागलेले साडेतीन दिवस कोणी दिलेलेच नसतात. स्वयंपाक, पाणी, शेत, मजुरी, आजारपण या सगळ्यांतून जो वेळ उरतो, त्याच्या चिंध्या जमवून ती वाकळ पुरी करते. म्हणून तिला दिवस सांगता येत नाहीत. आणि दिवस सांगता येत नाहीत म्हणून लोक समजतात की याला वेळ लागतच नाही.

तेरखेड्याच्या परिसरात हा उरलेला वेळ आणखी तुटपुंजा. वाशी, भूम, कळंब, शेजारचा बीड जिल्हा हा सारा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा पट्टा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या पाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. उचलही त्या एका कोयत्याला. कोपीत रात्री उसाच्या शिवारातली थंडी अंगावर येते, त्या थंडीला वाकळेशिवाय दुसरा आधार नसतो. त्यामुळे टोळीत जाणारीला मुदत असते. दिवाळीच्या आत वाकळ झालीच पाहिजे. आणि नेमक्या त्याच महिन्यांत सोयाबीनची काढणी असते, फटाक्यांच्या कामाचीही घाई असते. अशा वेळी रात्री दिव्याखाली टाके पडतात. बोटांना सुई टोचते, डोळे चुरचुरतात, आणि दिवसा पाऊण इंचावर पडणारी ओळ रात्री दोन इंचांवर जाते. अशी वाकळ लवकर होते, पण दोन वर्षांत तिची भर सरकते.

फटाक्यांचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. दारूच्या कामावर घातलेले कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत, आणि ते जुने झाले तरी वाकळेच्या भरीत घालू नयेत. ज्या कपड्यात दारूची भुकटी मुरली असण्याची शंका आहे, तो लेकरांच्या अंगाखाली नको. मावशींनी हा नियम स्वतःच्या घरात फार पूर्वीपासून लावला आहे.

कापडही बदलले. मावशींच्या तरुणपणी नऊवारी सुती लुगडे होते. एका लुगड्यात आठ-नऊ वार कापड, तेही वापरून वापरून इतके मऊ झालेले की सुई आपसूक जायची. नंतर नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, म्हणून बाई खूश. पण त्यांची वाकळ घसरते, घाम शोषत नाही, आणि ठिणगी उडाली तर सुती कापडासारखी नुसती जळत नाही, वितळून अंगाला चिकटते. चुलीजवळ निजणाऱ्या घरात हे लक्षात ठेवावे. आमचे मत असे की भर कशाचीही असो, खालचा आणि वरचा थर तरी सुती असावा.

मशीनचे म्हणाल तर तीच वाकळ शिलाई मशीनवर एका दुपारी होते. शहरांतून अशा पुष्कळ विकल्या जातात. आम्ही मशीनच्या विरोधात नाही. घरात मशीन असेल तर जरूर शिवावी. मात्र जुन्या विरलेल्या कापडाला मशीनचा बारीक, घट्ट टाका सोसत नाही, त्या रेषेवरच कापड कातरल्यासारखे फाटते. हाताचा टाका सैल असतो, कापडाबरोबर हलतो. शिवाय मावशींच्या घरातली एक वाकळ त्यांच्या सासूच्या हातची आहे. वरचे कापड झिजले की तिच्यावर नवी साडी चढवायची आणि पुन्हा फेऱ्या घालायच्या. असे तीनदा झाले. ती वाकळ किती दिवसांत झाली, याचे उत्तर आता वर्षांत द्यावे लागेल. ती इतकी जड झाली आहे की धुवायला दोघी लागतात.

चिंध्यांची गोष्ट निघाली की आपल्या जुन्या माणसांना आणखी एक गोष्ट आठवते. मेलेल्याच्या अंगावरचे कापड अस्पृश्याने घालावे, अशी धर्माज्ञाच होती. मनुस्मृतीत चांडाळाचे वस्त्र म्हणून प्रेताचेच कापड सांगितले आहे. ती पोथी महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडे नीट नेसण्याबद्दल आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून देण्याबद्दल सांगितले. तेव्हापासून घराघरांत दुसऱ्याच्या दारचे उतरलेले कापड घेणे बंद होत गेले. म्हणून आज आपल्या घरच्या वाकळेत जो तुकडा असतो तो आपल्या कमाईच्या साडीचा असतो. मावशी एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगतात: ही अक्काच्या लग्नातली, हा मामाचा शर्ट, हा पोराच्या शाळेचा गणवेश.

भगवान बुद्धांच्या भिक्खूंची गोष्ट याच्या उलट होती. तेही टाकून दिलेल्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून चीवर करत, त्याला पांसुकूल म्हणत. पण ती त्यांनी आपखुशीने पत्करलेली साधी राहणी होती, कोणी लादलेली नव्हती. विनयात असे आहे की मगधातल्या शेतांचे बांधबंदिस्तीने आखलेले चौकोन दाखवून बुद्धांनी आनंदाला तसेच चीवर बेतायला सांगितले. आजही भिक्खूंच्या चीवरावर ते शेताचे तुकडे दिसतात.

आणि आमच्या हिशेबाला लागू पडणारी गोष्ट पुढे आहे. वर्षावास संपल्यावर कठिन चीवराचे दान होते, ते चीवर त्याच एका दिवसात पुरे व्हावे लागते. कापणे, शिवणे, रंगवणे, सारे त्याच दिवशी. एकट्याने ते होणे कठीण, म्हणून संघ मिळून ते करतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत स्थविर अनुरुद्धांच्या चीवराची कथा आहे. महाकश्यप एका टोकाला, सारिपुत्त मध्ये, आनंद दुसऱ्या टोकाला बसले, भिक्खूंनी दोरा वळला, आणि सुईत दोरा ओवून दिला स्वतः बुद्धांनी. ही कथा आम्ही अक्काच्या घरी सांगितली, तेव्हा मावशी भावजींकडे बघून एवढेच म्हणाल्या, "ऐकलं का रं?" त्यानंतर रोज संध्याकाळी दहा सुया ओवून ठेवण्याचे काम भावजींकडे आले. साठी ओलांडलेल्या मावशींना सुई ओवायलाच सर्वांत जास्त वेळ लागत होता. खालच्या बाजूची गाठ मारायचे काम पोराने घेतले. कॅलेंडर बघितले तर मेच्या शेवटच्या आठवड्यात काम एकदम पुढे सरकलेले दिसते, त्याचे कारण हे.

जुन्या कपड्यांतून ऊब काढणाऱ्या बाया फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिन्ही बाजूंनी नदी, आणि राहणारे सारे काळे लोक, गुलामांचे वंशज. तिथल्या बाया थंडीसाठी कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९४२ साली मिसुरी पेटवे नावाच्या बाईने आपल्या वारलेल्या नवऱ्याचे शेतातले कपडे फाडून त्यांची गोधडी केली, ती आज जगभर माहीत आहे. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग या वस्तीत आले. मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जाणाऱ्या या लोकांची नाव १९६२ मध्ये बंद झाली, ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या शहरांत विकल्या. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. एवढा मान मिळाल्यावरही २००७ मध्ये काही बायांना आपल्या मोबदल्यासाठी कोर्टात जावे लागले. ते दावे पुढच्या वर्षी आपसांत मिटले. भिंतीवर टांगलेल्या वस्तूलाही तासांचा हिशेब सुटत नाही, असे त्यावरून आम्हाला वाटले.

आता आपल्याकडचा सौदा पाहू. कापड गिऱ्हाइकाचे, दोरा बहुधा शिवणारीचा. गिऱ्हाईक म्हणते, "मावशी, जुन्याच तर चिंध्या आहेत, त्यात काय एवढं?" भाव ठरतो नगावर. वाकळ दुहेरी आहे की पाच थरांची, ओळ बोटावर आहे की चार बोटांवर, हे कोणी विचारत नाही. आणि मावशी म्हणतात, "बसल्या जागी होतंय, द्या काय द्यायचं ते." या एका वाक्याने अठ्ठावीस तास पाण्यात जातात.

रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ सालचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हा काही कुशल कामाचा दर नव्हे, माती उचलण्याचा आहे. त्या दराने साडेतीन दिवसांचे १,०९२ रुपये होतात. त्यात दोऱ्याचा आणि सुयांचा खर्च मिळवायचा. पाच-सहा थरांची जाड वाकळ असेल तर सुई जड जाते, टाके निम्मेच पडतात, म्हणजे दिवस दुप्पट धरायला हवेत. बाळंतिणीच्या घरी द्यायची छोटी गोधडी, तीन फूट बाय अडीच फुटांची, मोठीच्या पाचव्या हिश्श्याइतकी भरते. तिला सहा तास, म्हणजे भर घालण्यासकट एक दिवस धरावा. आकार वेगळा असेल तर असे करावे: लांबीचे इंच गुणिले रुंदीचे इंच, भागिले ओळींमधले अंतर. येईल तेवढे इंच शिवण. दोनशे चाळीस इंच घालून घड्याळ पाहावे, किती वेळ गेला ते कळते. पुढचे गुणाकार घरातल्या सातवी-आठवीच्या पोरीला येतात.

हा भाव गावात लगेच मिळेल असे आम्ही म्हणत नाही. गावातल्या गिऱ्हाइकाच्याही खिशाला मर्यादा असते, आणि दहा बायांपैकी एकीनेच भाव वाढवला तर काम दुसरीकडे जाते. म्हणून बचत गटाने बसून एकच दर ठरवावा. 'उमेद' अभियानातले गट मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात माल घेऊन जातात. तिथे हाताच्या टाक्याची गोधडी घेऊन जायची असेल तर तिच्यावर एक चिठ्ठी टाचावी: किती थर, कोणते कापड, किती तास. शहरातल्या माणसाला 'हाताने शिवलेली' एवढे सांगून कळत नाही, तास सांगितले की तो हात लावून बघतो.

घरात वापरायच्या वाकळेला अर्थात भाव नसतो. अक्काची वाकळ तिच्या लेकीबरोबर वसतिगृहात गेली. पोरीचे म्हणणे होते की मैत्रिणी हसतील, ब्लँकेटच द्या. पानिपतचे ब्लँकेट मिळाले होते, तेही नेले. डिसेंबरात तिचा फोन आला की ब्लँकेट खाली अंथरते आणि वाकळ पांघरते. मावशींनी कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाचा तुकडा कुठे लावला आहे, तेही तिने शोधून काढले होते. मावशींनी आता दुसरी धरली आहे, गावातल्याच एका गिऱ्हाइकाची. यावेळी कॅलेंडरवर त्या स्वतः रेघा मारतात. लिहिता येत नाही म्हणून अर्ध्या तासाला एक रेघ.